मुद्रा आणि पीएमईजीपी: अनुदान नेमकं कशात आहे?

'मुद्रा लोन घ्या, पस्तीस टक्के माफ होतात.' नवा धंदा काढणाऱ्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तो साफ चुकीचा आहे. मुद्रा कर्जात एक रुपयाही माफ होत नाही. पस्तीस टक्के हा आकडा पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा. तिथेही तो सगळ्यांना लागू नाही, पैसे हातात पडत नाहीत आणि लगेच तर नाहीच नाही.

दोन्ही योजना 'पंतप्रधान' नावाने सुरू होतात आणि दोन्हींचं कर्ज शेवटी बँकेच्या एकाच टेबलावर मंजूर होतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण पावलांचा क्रम चुकला तर दोन-अडीच लाखांचं अनुदान कायमचं हातचं जातं.

आधी मुद्रा, कारण ती सोपी आहे. योजना 8 एप्रिल 2015 ला सुरू झाली. 50 हजारांपर्यंत शिशू, तिथून 5 लाखांपर्यंत किशोर, 5 ते 10 लाख तरुण. ऑक्टोबर 2024 पासून 10 ते 20 लाखांचा तरुण प्लस हा गट आला, पण तो फक्त तरुण गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी आहे. पहिल्याच फटक्यात 20 लाख मिळत नाहीत. मुद्रा नावाची संस्था ही सिडबीची, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या सरकारी विकास बँकेची, उपकंपनी आहे. ती तुम्हाला थेट कर्ज देत नाही, बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त देते. म्हणून अर्ज बँकेतच करायचा, किंवा जनसमर्थ आणि उद्यमीमित्र या पोर्टलवरून.

मुद्राचा खरा फायदा एकच आणि तो मोठा आहे: तारण द्यावं लागत नाही. घर, शेत, सोनं काही गहाण नाही. त्याऐवजी सरकारी पत हमी निधी बँकेच्या पाठीशी उभा असतो. इथेही एक गैरसमज आहे. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकले तर बँक निधीकडे दावा करू शकते, पण त्याने तुमचं देणं संपत नाही. सिबिल, म्हणजे परतफेडीची पत दाखवणारा गुणांक, खराब होतं आणि पुढची सगळी दारं बंद होतात.

पीएमईजीपी 2008 मध्ये सुरू झाली. देशपातळीवर ती खादी आणि ग्रामोद्योग आयोग राबवतो. जिल्ह्यात अर्ज आयोग, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एकामार्फत जातो. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प 50 लाखांपर्यंत, सेवा उद्योगासाठी 20 लाखांपर्यंत. अनुदानाचा टक्का दोन गोष्टींवर ठरतो: तुम्ही कोण आणि युनिट कुठे. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग, तृतीयपंथी अशा विशेष गटांना शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला 10 टक्के, विशेष गटाला 5 टक्के. ग्रामीण म्हणजे ग्रामपंचायतीची हद्द. नगरपालिकेच्या हद्दीत शेतं दिसत असली तरी ते शहरच धरलं जातं. जागा भाड्याने घेण्याआधी एवढं तपासा, कारण दहा टक्क्यांचा फरक त्या एका हद्दीवर ठरतो.

आकडे मांडून पाहू. एका महिलेला ग्रामपंचायत हद्दीत 8 लाखांची मसाला कांडप आणि पॅकिंगची युनिट टाकायची आहे. पीएमईजीपीत तिचा वाटा 40 हजार. बँक देते 7 लाख 60 हजार. अनुदान 35 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. पण बँक कर्ज मंजूर करताना पूर्ण 7 लाख 60 हजारांचंच करते. पहिला हप्ता वाटल्यावर बँक पोर्टलवरून अनुदानाची मागणी करते आणि ती रक्कम येते ती तिच्या नावाच्या मुदत ठेवीत. तीन वर्षं ही ठेव तशीच पडून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकेने व्याज लावायचंही नसतं. तीन वर्षांनी युनिटची प्रत्यक्ष पाहणी होते, ते चालू असेल तर ठेव कर्जात वळती होते. म्हणजे मुद्दलाचा खरा बोजा 4 लाख 80 हजारांचा. व्याजदर 11 टक्के धरला, तर अनुदानाइतक्या भागावरचं वर्षाचं 30 हजार 800 रुपये व्याज वाचतं, आणि हा फायदा लोकांच्या हिशेबात बहुतेकदा येतच नाही. म्हणून अनुदान जमा झाल्याचं कळलं की कर्जखात्याचा उतारा काढा आणि व्याज पूर्ण रकमेवर लागतंय की उरलेल्या रकमेवर ते ओळीने तपासा. चूक दिसली तर शाखेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

हीच युनिट मुद्राच्या तरुण गटात टाकली तर जेवढं कर्ज तेवढं सगळं सव्याज परत करायचं. मग पीएमईजीपी सोडून मुद्राकडे कुणी का जावं? कारण बऱ्याच धंद्यांना पीएमईजीपी लागूच होत नाही.

तिचं पहिलं अनुदान फक्त नव्या उद्योगासाठी आहे. चालू धंदा असेल, किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेलं असेल, तर अर्ज बाद. कुटुंबात, म्हणजे नवरा-बायको मिळून, एकालाच लाभ. निव्वळ खरेदी-विक्रीला तिथे फार अरुंद वाट आहे, त्यामुळे साध्या किराणा किंवा कापड दुकानाने मुद्राचाच रस्ता धरावा. तंबाखू आणि दारूशी संबंधित उद्योग चालत नाहीत. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. उत्पादनात 10 लाखांच्या आणि सेवेत 5 लाखांच्या वरच्या प्रकल्पाला किमान आठवी पास असावं लागतं. त्याखाली शिक्षणाची अट नाही. वय 18 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. महाराष्ट्राची स्वतःची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना मात्र वेगळी आहे. त्या योजनेचं नाव आणि अनुदानाचे टक्के पीएमईजीपीशी मिळतेजुळते असल्याने अर्ज कोणत्या पोर्टलवर भरतोय ते नीट बघा.

अर्ज सर्वाधिक कुठे अडकतो? उत्साहाच्या भरात आधीच केलेल्या खरेदीवर. मशीन घेतलं, शेड उभी केली, उद्यम नोंदणीत धंदा सुरू झाल्याची जुनी तारीख टाकली, जीएसटी क्रमांक काढला, आणि मग अनुदानासाठी अर्ज केला. बँकेच्या दृष्टीने हा चालू धंदा. म्हणून क्रम असा: आधी प्रकल्प अहवाल आणि पुरवठादारांची दरपत्रकं, मग पोर्टलवर अर्ज, मग बँकेची मंजुरी आणि नंतरच खरेदी. बयाणा म्हणून दिलेली रक्कमसुद्धा नंतर प्रकल्पखर्चात धरून घेणं अवघड होऊन बसतं.

प्रकल्प अहवालात दुसरी चूक दिसते ती अनुदान फुगवण्यासाठी फुगवलेला खर्च. 5 लाखांत होणारं काम 8 लाखांचं दाखवलं तर टक्केवारी वाढत नाही, कर्ज वाढतं. खेळत्या भांडवलाला तर वेगळीच अट आहे: तीन वर्षांत मंजूर कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसे पैसे उचलण्यासाठी बँकेने ठरवलेली कमाल रक्कम) एकदा तरी पूर्ण वापरलेली असावी आणि एरवी वापर 75 टक्क्यांखाली नसावा. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. ज्याला एक लाखाचा कच्चा माल पुरतो त्याने तीन लाखांची मर्यादा मागून स्वतःचंच नुकसान करून घेऊ नये.

उद्योजकता प्रशिक्षणही चुकवू नका. 2 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला त्याची सक्ती नाही, 5 लाखांपर्यंत पाच दिवस आणि त्यावर दहा दिवस. ते लांबलं की पुढचं सगळंच लांबतं.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे. पीएमईजीपीतून मिळालेलं 10 लाखांच्या आतलं कर्ज बँक मुद्रा योजनेखालीही धरू शकते. अशा कर्जदाराच्या कागदावर मुद्रा लिहिलेलं दिसतं, त्याला अनुदानही मिळतं, आणि शेजारी समजतो की मुद्रातच अनुदान आहे. प्रत्यक्षात ते पीएमईजीपीचंच असतं. उलटा रस्ता मात्र नाही: मुद्रा कर्जावर धंदा सुरू करून सहा महिन्यांनी त्याला पीएमईजीपीचं पहिलं अनुदान लावता येत नाही.

पण मुद्रावाल्यांसाठी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. पीएमईजीपीतच चालू युनिटच्या विस्तारासाठी दुसरं कर्ज आहे, आणि त्याला मुद्रातून उभ्या राहिलेल्या युनिटही पात्र आहेत. पहिलं कर्ज वेळेत फेडलेलं आणि मागची तीन वर्षं नफ्याची हवीत. उत्पादनाला 1 कोटी आणि सेवेला 25 लाखांपर्यंतचा प्रकल्प, अनुदान 15 टक्के, ईशान्येकडील आणि डोंगरी राज्यांत 20. त्यामुळे आज मुद्रा घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून खरेदी-विक्रीची बिलं, ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं जपून ठेवावीत. तीन वर्षांचा नफा तोंडी सांगून चालत नाही.

दोन्ही योजनांत अर्जासाठी पैसे लागत नाहीत आणि एजंट नेमलेले नाहीत. 'मंजुरीसाठी आधी दोन टक्के भरा' म्हणणारा मुद्राच्या नावाचं कितीही रंगीत पत्र दाखवो, त्याला आधार किंवा ओटीपी देऊ नका. पीएमईजीपीची वरची मर्यादा आणि टक्के 2021-22 ते 2025-26 या मुदतीच्या मंजुरीतले आहेत. अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरची ताजी मार्गदर्शक तत्त्वं उघडून आपला गट, आपली हद्द आणि आपला टक्का पुन्हा एकदा ताडून पाहा. बँकेने अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते सिबिलचं आहे, प्रकल्प अहवालाचं आहे की चालू धंद्याचं, यावरच पुढचा अर्ज कुठे करायचा ते ठरतं.