पोलिश पूर्वजांवरून नागरिकत्व: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

आजी पोलिश होती, किंवा नवऱ्याचे पणजोबा पोलंडहून अमेरिकेला गेले होते, एवढ्या माहितीवर पोलंडचा पासपोर्ट मिळेल का? पोलंडचं सरकार तुमच्या अंगात पोलिश रक्त किती, हे विचारत नाही. पूर्वज कायद्याने पोलंडचा नागरिक झाला होता का, आणि ते नागरिकत्व मध्ये कुठे न तुटता तुमच्यापर्यंत आलं का, एवढंच तपासलं जातं. म्हणून या अर्जाला नागरिकत्व 'मिळवणं' म्हणत नाहीत, त्याची 'पुष्टी' म्हणतात. जन्मापासून जे होतं त्यावर शिक्का मारून घ्यायचा. डीएनए चाचणीचा अहवाल आणि दिवाणखान्यात लावलेलं घराण्याचं बोधचिन्ह घरीच राहू द्या.

कायदा काय विचारतो

पाया आहे 20 जानेवारी 1920 चा नागरिकत्व कायदा. तो 31 जानेवारी 1920 पासून लागू झाला. लिंग, वय, धर्म किंवा राष्ट्रीयत्व (इथे अर्थ वांशिक ओळख) असा भेद न करता नागरिकत्व द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कॅथलिक शेतकरी, वॉर्सातला ज्यू शिंपी, ल्वूफचा (आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह) आर्मेनियन व्यापारी, ल्यूथरपंथी जर्मन आणि बोहोनिकी किंवा क्रुशिन्यानी गावचा मुसलमान तातार हे सगळे एका रांगेत. मुख्य अट: माणूस नव्या पोलंडच्या हद्दीत 'स्थायिक' असला पाहिजे.

स्थायिक कोण, हे त्या भागावर पूर्वी रशिया, ऑस्ट्रिया की प्रशिया, कुणाचं राज्य होतं त्यावर ठरलं. रशियाच्या ताब्यातल्या, 'पोलंडचं राज्य' म्हणवणाऱ्या भागात 'कायम लोकसंख्येच्या नोंदवहीत' नाव हवं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशिया प्रांतात एखाद्या गावाचा रहिवास-हक्क हवा. प्रशियाच्या भागात 1 जानेवारी 1908 पूर्वीपासून कायम वास्तव्य हवं. पूर्वेकडच्या थेट रशियन साम्राज्यातल्या जमिनीवर गावाच्या, शहराच्या किंवा एखाद्या वर्गसंघटनेच्या (जसं उमरावांच्या) यादीत नाव हवं. 'आजोबा तिथे जन्मले' एवढ्यावर भागत नाही ते यामुळे. जन्मनोंद म्हणजे जन्माचा पुरावा, नागरिकत्वाचा नव्हे. या दोहोंची गल्लत करून अर्ज केला की तो बहुतेक वेळा इथेच अडकतो.

साखळी कुठे तुटते

सर्वांत आधी देश सोडल्याची आणि परदेशी नागरिकत्व घेतल्याची तारीख शोधा. 1905 मध्ये गॅलिशिया सोडून 1915 मध्ये अमेरिकन नागरिक झालेला पणजोबा पोलंडचा नागरिक कधी झालाच नाही, कारण तेव्हा तसा देशच नकाशावर नव्हता. पुढे हजार कागद जमवून उपयोग नाही.

1920 नंतर परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर जुन्या कायद्यानुसार पोलिश नागरिकत्व जायचं आणि बायको व 18 वर्षांखालच्या मुलांचंही त्याबरोबर जायचं. याला एक चमत्कारिक अपवाद आहे, आणि बऱ्याच अर्जांचा जीव त्यातच असतो: लष्करी सेवेचं बंधन असलेल्या पुरुषाला त्या बंधनातून रीतसर मुक्त केलेलं नसेल, तर त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी पोलंडच्या लेखी तो पोलिशच राहायचा. मात्र परवानगीशिवाय परक्या सैन्यात भरती होणं किंवा परक्या सरकारची अधिकारपदाची नोकरी पत्करणं, यांनी नागरिकत्व जायचं.

आईकडून येणाऱ्या वारशाबाबत 19 जानेवारी 1951 ही, म्हणजे नवा नागरिकत्व कायदा लागू झाल्याची, तारीख पाठ करून ठेवा. त्याआधी लग्नसंबंधातून जन्मलेल्या मुलाला वडिलांचं नागरिकत्व मिळायचं, विवाहबाह्य मुलाला आईचं. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली आणि इराणमार्गे आलेली ही माणसं. समजा त्यांतल्या एखाद्या मुलीने इथल्या तरुणाशी लग्न केलं आणि 1949 मध्ये मूल झालं. आई पोलिश असूनही ते मूल पोलंडच्या कायद्यात वडिलांच्या मागे गेलं. त्याच्या वंशजांनी पुष्टीच्या अर्जात वेळ घालवण्यापेक्षा खाली दिलेल्या कार्ता पोलाकाकडे (पोलिश वंशाच्या लोकांसाठीच्या ओळखपत्राकडे) वळावं.

1951 च्या नव्या कायद्याने आणखी एक भोक पाडलं, आणि इथे मात्र वंशाचा प्रश्न आडवा येतो. 31 ऑगस्ट 1939 ला पोलिश नागरिक असलेला, पण नंतर कायम परदेशी राहणारा माणूस रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, लिथुएनियन, लाटवियन किंवा एस्टोनियन राष्ट्रीयत्वाचा असेल, तर त्याला नागरिक धरलं नाही. जर्मनांनाही तेच, फक्त नवरा किंवा बायको पोलिश नागरिक असून पोलंडमध्ये राहत असेल तर सूट. सरहद्द सरकल्याने करारानुसार दुसऱ्या देशाचे झालेलेही वगळले गेले. त्यामुळे मिश्र घरात, म्हणजे आई रोमन कॅथलिक पोलिश आणि वडील ग्रीक कॅथलिक युक्रेनियन असतील तर, वडिलांच्या युद्धकाळातल्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय लिहिलंय ते अर्जापूर्वीच बघून घ्या.

ज्यू कुटुंबांनी दोन गोष्टी तपासाव्यात. सलग किमान पाच वर्षं परदेशी राहिलेल्यांचं नागरिकत्व काढून घेण्याची मुभा 31 मार्च 1938 च्या कायद्याने दिली. तसा आदेश त्या पूर्वजावर प्रत्यक्ष निघाला होता का? आणि 1968 च्या सुमारास देश सोडताना हाती दिलेला 'प्रवास दस्तऐवज', ज्यावर 'धारक पोलिश नागरिक नाही' असं छापलेलं असे. तो पाहून लोक धीर सोडतात. पण त्या एका वाक्याने नागरिकत्व आपोआप गेलं असं पोलंडच्या प्रशासकीय न्यायालयांनी नंतर मानलेलं नाही, तेव्हा तो कागद लपवू नका, जोडा.

नोंदी कुठे सापडतात

अर्जात धर्माला किंमत नाही, पण नोंद शोधताना धर्माशिवाय पाऊल पुढे पडत नाही. 1 जानेवारी 1946 पासून देशभर एकसारखी नागरी नोंदणी सुरू झाली. त्याआधी बहुतेक भागात जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वह्या धर्मसंस्थेच्या हातात होत्या. प्रशियाच्या भागात मात्र 1 ऑक्टोबर 1874 पासूनच सरकारी कार्यालयं होती. नियम असा की जन्माच्या वह्या 100 वर्षांनी आणि लग्न-मृत्यूच्या 80 वर्षांनी सरकारी अभिलेखागारात जातात. त्याहून नव्या नोंदीसाठी त्या गावच्या नागरी नोंदणी कार्यालयात अर्ज करावा लागतो. जुन्यांसाठी अभिलेखागारांचं 'शुकाय व आर्खिवाख' हे संकेतस्थळ आणि नावांच्या सूचीसाठी 'गेनेतेका' यांपासून सुरुवात करा. आज युक्रेनमध्ये असलेल्या पूर्व गॅलिशियाच्या बऱ्याच वह्या वॉर्सात आहेत.

आता काही खाचखळगे. 'पोलंडचं राज्य' या भागात 1808 ते 1825 या काळात कॅथलिक पाद्रीच सरकारी नोंदणी अधिकारी असे, त्यामुळे ज्यू मुलाचा जन्मही चर्चच्या वहीत सापडतो; 1826 पासून वह्या धर्मवार वेगळ्या झाल्या. 1868 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत मजकूर रशियनमध्ये आहे. कुणबी नोंदी शोधणाऱ्याला मोडी वाचणारा लागतो, तसा इथे जुनं रशियन हस्ताक्षर वाचणारा लागतो. त्या काळच्या दाखल्यावर '3/15 मे 1879' अशी जोडतारीख दिसेल. पहिली रशियाच्या जुन्या पंचांगाची, दुसरी आपल्या वापरातली. अर्जात दुसरी लिहा. एका कागदावर 3 आणि दुसऱ्यावर 15 गेली की कार्यालय ही दोन माणसं समजून खुलासा मागतं.

गॅलिशियातल्या ज्यू कुटुंबांत आजोबांचं आडनाव त्यांच्या वडिलांशी जुळत नसेल तर दचकू नका. केवळ धार्मिक विधीने झालेलं लग्न सरकार मानत नसे, म्हणून मुलं 'अनौरस' म्हणून आईच्या आडनावाने नोंदली जायची. 1920 च्या कायद्यात अनौरस मूल आईच्या मागे जात असल्याने ही नोंद कधी घात करते, तर कधी वाचवतेही. पूर्व पोलंडमधल्या हेउमच्या परिसरात वेगळीच गंमत. तिथलं ग्रीक कॅथलिक चर्च 1875 मध्ये मोडून लोकांना ऑर्थोडॉक्स केलं गेलं, आणि 1905 मध्ये धर्मस्वातंत्र्य जाहीर झाल्यावर पुष्कळजण रोमन कॅथलिक झाले. एकाच घरातले पणजोबा, आजोबा आणि नातू तीन चर्चच्या वह्यांत सापडू शकतात.

सरदार घराण्याचं काय?

पोलंडमध्ये श्लाख्ता (सरदार-उमराव) म्हणवणारा वर्ग युरोपातल्या इतर देशांच्या मानाने फार मोठा होता, लोकसंख्येच्या जवळपास आठ-दहा टक्के. नांगर धरणारे श्लाख्ताही होते. एकच बोधचिन्ह एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली शेकडो घराणी वापरायची, आणि 'स्की'ने संपणारं आडनाव शेतकऱ्याचं, ज्यूचं, कुणाचंही असू शकतं. धर्म बदलूनही लोक या वर्गात गेले. 1759 मध्ये याकूब फ्रांक या पंथप्रमुखाच्या अनुयायी ज्यूंनी ल्वूफमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या काही घराण्यांना पुढे हा दर्जा मिळाला. 1921 च्या राज्यघटनेने या सगळ्या पदव्या आणि बोधचिन्हं अमान्य केली.

लॅटिन चर्चवहीत नावाआधीचा शब्द दर्जा सांगतो: 'नोबिलिस' म्हणजे श्लाख्ता, 'लाबोरिओसुस' म्हणजे कष्टकरी शेतकरी. वंशावळीला हे उपयोगी, अर्जाला नाही. एक अपवाद आहे. पूर्वज थेट रशियन साम्राज्यातल्या भागातला असेल, तर तिथल्या उमराव वर्गसंघटनेच्या यादीतलं नाव 'स्थायिक' असल्याचा पुरावा ठरतं.

अर्ज

अर्ज पोलिश भाषेतच भरायचा. त्यात तुमची, आईवडिलांची, आजीआजोबांची जन्म, लग्न, वास्तव्य आणि परदेशी नागरिकत्व यांची माहिती द्यावी लागते. परदेशात राहणाऱ्यांनी तो वाणिज्य दूतावासामार्फत (भारतात मुंबईतही आहे) किंवा थेट वोयेवोदाच्या, म्हणजे प्रांताधिकाऱ्याच्या, कार्यालयात द्यायचा. पोलंडमधल्या शेवटच्या पत्त्यावरून प्रांत ठरतो. तुम्ही तिथे कधीच राहिला नसाल तर अर्ज वॉर्साच्या माझोव्हिया प्रांताकडे जातो. शुल्क बदलत राहतं, भरायच्या दिवशी कार्यालयाच्या पानावर बघा.

सोबत प्रत्येक पिढीचा जन्मदाखला आणि विवाहदाखला, तुमच्या ओळखपत्राची साक्षांकित प्रत, पूर्वजाचा पोलिश पासपोर्ट, ओळखपत्र, लष्करी पुस्तिका किंवा रहिवासी यादीतला उतारा, आणि त्याने परदेशी नागरिकत्व कधी घेतलं किंवा घेतलंच नाही याचा त्या देशाचा दाखला. हा शेवटचा कागद लोक सर्रास विसरतात. भारतीय दाखल्यांवर आधी राज्याचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणपत्र) घ्या. त्यानंतरच पोलंडच्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. क्रम उलटा झाला तर अपोस्टिलचं भाषांतर राहून जातं आणि पुन्हा पैसे मोडतात.

थेट अर्ज करणाऱ्यांनी पोलंडमधला टपाल स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा. नाहीतर पत्र फाइलीतच ठेवून 'पोहोचलं' असं धरलं जातं. त्रुटी दुरुस्तीची मुदत कधी कधी फक्त सात दिवसांची असते. कायद्यात निर्णयाला एक-दोन महिने म्हटले असले तरी जुन्या नोंदी मागवल्या की महिनोन्‌महिने जातात. निर्णय विरुद्ध गेला तर 14 दिवसांत त्याच कार्यालयामार्फत गृहमंत्र्यांकडे अपील करता येतं.

निर्णय हाती आल्यावर जन्मनोंद पोलिश वहीत चढवून घ्यायची, मग पेसेल (पोलंडचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक, मग पासपोर्ट. भारतीय नागरिकांनी इथे थांबून वकिलाला विचारावं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी पासपोर्ट घेणं म्हणजे त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेणं, असं आपले नियम मानतात.

पुष्टी मिळत नसेल तर

कार्ता पोलाका हे 2007 च्या कायद्याने सुरू झालेलं ओळखपत्र. आधी ते फक्त जुन्या सोव्हिएत देशांतल्या लोकांसाठी होतं, जुलै 2019 पासून जगभरच्या लोकांना खुलं झालं. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी एक, नाहीतर पणजोबा-पणजींपैकी दोघं पोलिश राष्ट्रीयत्वाचे किंवा नागरिक असले पाहिजेत. शिवाय पोलिशची प्राथमिक समज हवी आणि वाणिज्य दूतासमोर आपण पोलिश राष्ट्राचे असल्याचं लेखी जाहीर करावं लागतं. मुलाखतीत सणवार आणि इतिहासाबद्दल पोलिशमध्ये विचारतात. पाठ केलेली चार वाक्यं पुरत नाहीत. हे ओळखपत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि त्यावर सीमाही ओलांडता येत नाही. पण पोलंडमध्ये कायम वास्तव्याचा अर्ज त्याच्या आधारे करता येतो.

ज्यांचं स्वतःचं नागरिकत्व 1 जानेवारी 1999 पूर्वी गेलं, त्यांना ते परत मिळवण्याचा वेगळा अर्ज गृहमंत्र्यांकडे करता येतो. तो त्या व्यक्तीनेच करायचा, नातवंडांना चालत नाही.

भावंडांनी आणि चुलत भावंडांनी वेगवेगळे अर्ज करायचे असतात, एकाचा निर्णय दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. पण घरात एकाला जरी पुष्टी मिळालेली असेल, तर त्या निर्णयाचा क्रमांक आणि प्रत तुमच्या अर्जाला सगळ्यात वर जोडा. पणजोबांचे कागद त्या कार्यालयाच्या कपाटात आधीच पडलेले असतात.