एक्सपेक्षा पाचने कमी

ऐरोलीत आमच्या इमारतीत सातवीतली एक मुलगी राहते. घरी आगरी बोलतात, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश मीडियम. खाली बॅडमिंटन खेळताना तिचं इंग्रजी ऐकलं तर हिला भाषेची अडचण असेल असं कुणालाही वाटणार नाही. परवा गणिताची वही घेऊन आली. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' हे चिन्हांत लिहायचं होतं. तिने लिहिलं, 5 वजा एक्स. खाली लाल शेरा: वजाबाकी पक्की करा.

वजाबाकी तिची पक्कीच आहे. मी तेच मराठीत विचारलं, 'एक्सपेक्षा 5 ने कमी म्हणजे?' लगेच म्हणाली, एक्स वजा 5. मराठीत ज्यातून काढायचं ते आधी येतं आणि काढायचं ते नंतर, म्हणून ऐकलं त्या क्रमाने लिहिलं तरी उत्तर बरोबर येतं. इंग्रजी वाक्य नेमकं उलटं चालतं. ही चूक जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलंही करतात. पण त्यांच्याकडे मराठी वाक्याचा आधार नसतो, हिच्याकडे आहे.

मग अस्खलित बोलणारं मूल पुस्तकाशी का अडतं? कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये भाषेचे दोन थर वेगळे करून दाखवले. एक गप्पांचा. त्यात समोरच्याचा चेहरा, हातवारे, खेळाचं मैदान, सगळं मदतीला असतं. दुसरा पुस्तकाचा. तिथे कागदावरच्या शब्दांखेरीज आधार नाही. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांना पहिला थर साधारण 2 वर्षांत जमायचा. दुसऱ्यात बरोबरीच्या मुलांना गाठायला 5 ते 7 वर्षं लागायची. कमिन्सनी अशा 400 हून अधिक मुलांची शाळेतली कागदपत्रं तपासली. बोलणं छान, म्हणजे इंग्रजी येतंच, असं धरून इंग्रजीतूनच बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या होत्या, आणि कमी गुणांचं खापर मुलांच्या कुवतीवर फुटत होतं. तिथे निदान रस्त्यावर आणि दुकानात इंग्रजी कानावर पडतं. आमच्याकडे शाळा आणि खेळातल्या गप्पा सोडल्या तर ते फारसं कानावर पडत नाही.

त्यात इंग्रजीचे ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातला माल, पण गणितात गुणाकार. 'व्हॉल्यूम' टीव्हीचा, आणि डब्याचाही. 'वर्क'चं तर विचारूच नका: भिंत ढकलून घामाघूम झालात तरी ती हलली नाही, तर विज्ञानाच्या लेखी वर्क शून्य. मराठीने इथे काम आणि कार्य असे दोन शब्द ठेवलेत. 'आयसोसेलीस' पाठ करावा लागतो. समद्विभुज म्हटलं की दोन बाजू सारख्या हे शब्दच सांगतो. अर्थात आपली परिभाषा सगळीच इतकी गोड नाही. 'संश्लेषण' ऐकून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला असेल, मला शंका आहे.

म्हणूनच पालकसभेत ऐकू येणारा 'घरी इंग्रजीच बोला' हा सल्ला मला पटत नाही. मराठीतून घड्याळ पाहायला शिकलेल्या मुलाला इंग्रजीत वेळ नव्याने शिकावी लागत नाही, फक्त शब्द लागतात. कल्पना एकदाच रुजते आणि दोन्ही भाषांना पुरते. ती ज्या भाषेत पटकन रुजेल तीच घरातून काढून टाकली, तर मोडक्या इंग्रजीत 'होमवर्क झालं का'च्या पलीकडे बोलणंच होत नाही. उदाहरण आधी मराठीत सांगून बघावं, मग इंग्रजीत लिहावं. वेळ लागतो, हे खरं.

वर्गात तोच वेळ मिळत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. ते 3 सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्या मुलाचा तो 1 सेकंद प्रश्न समजून घेण्यातच जातो.

इमारतीतल्या त्या मुलीने पुढचं गणित पाहिलं. 'फाइव्ह मोर दॅन एक्स'. 'हे पण उलटं लिहायचं?' मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, 'बेरीज आहे ना काका, कसंही लिहिलं तरी चालेल.'