दोन्ही हातांत एकच बुरशी

हिरोशिमाहून लोकल गाडीनं चाळीसेक मिनिटांवर साइजो लागतं. ऑक्टोबरातल्या साके उत्सवाच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याच्या उत्सवाच्या, दिवशी तिथं उतरलं की डोळ्यांआधी नाक जागं होतं. कोळशावर याकितोरीच्या, म्हणजे कोंबडीचे तुकडे ओवलेल्या, काड्या भाजत असतात. भाजणारा मधूनच त्या गडद रसात बुचकळून पुन्हा आचेवर धरतो, चर्र होतं आणि गोड-खारट धूर उठतो. शेजारी ताकोयाकी. आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यात, पोटात ऑक्टोपसचा तुकडा असलेले गोळे सळीच्या टोकानं भराभर उलटले जातात. मागे पांढऱ्या भिंतींचे साकेचे कारखाने आणि त्यांची नावं मिरवणारी लाल विटांची धुराडी. असे सात कारखाने स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आता एका हातात साकेचा पेला आणि दुसऱ्या हातात याकितोरीची काडी घ्या. काडीवरचा रस सोया सॉस आणि मिरिन नावाच्या गोड मद्याचा. हा रस काय किंवा पेल्यातली साके काय, दोन्ही एकाच बुरशीची करणी: अस्परजिलस ओरायझी, जपानी लोकांची कोजी. सोयाबीन आंबवून केलेला मिसोसुद्धा तिच्याचमुळे होतो. 2006 मध्ये जपानच्या मद्यनिर्मिती संस्थेनं तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ म्हणून मान दिला, तर 2024 मध्ये कोजी वापरून साके करण्याची परंपरागत विद्या युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. एका बुरशीचा एवढा सन्मान झालेला पाहून मला मनापासून आनंद झाला.

तिचं काम समजायला आपल्याला शाळेतला प्रयोग पुरतो. भाताचा घास गिळायचा नाही, नुसता चावत राहायचा. थोड्या वेळानं तो गोड लागतो. लाळेतलं विकर पिष्टाची साखर करतं. कोजी हेच करते, फार मोठ्या प्रमाणावर. तांदूळ आधी घासून बारीक करतात, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं चव बिघडवतात. साकेच्या गिंजो प्रकारात दाण्याचा जास्तीत जास्त 60 टक्के भाग उरतो, दाइगिंजोत 50 टक्के किंवा त्याहून कमी. मग तांदूळ वाफवायचा, उबदार खोलीत पसरायचा आणि वरून हिरवट बीजाणूंची पूड चाळायची. दोनेक दिवसांत दाण्यांवर पांढरे ठिपके उमटतात आणि खोलीत भाजलेल्या चेस्टनटसारखा वास भरतो. दाणा तोंडात टाकला तर गोड.

टाकीत जे घडतं ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. द्राक्षांत साखर तयारच असते. बिअरमध्ये आधी जवाच्या मोडातून साखर काढतात आणि मगच यीस्ट घालतात. साकेच्या टाकीत दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. कोजीची विकरं थोडी थोडी साखर सोडत राहतात, यीस्ट ती लगेच संपवतं. एकदम साखरेचा भडिमार झाला असता तर यीस्ट गुदमरलं असतं. असं घासाघासानं वाढल्यामुळे ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोल 20 टक्क्यांपर्यंत चढतं. बाटलीत भरताना बहुतेकदा पाणी घालून ते 15-16 वर आणतात.

सोयाबीनमध्ये याच बुरशीची दुसरी विकरं प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात. त्यांतल्या ग्लुटामेटची भरीव, रुचकर चव म्हणजे ‘उमामी’, जिला हे नाव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये दिलं. अमिनो आम्लं आणि साखर निखाऱ्यावर एकत्र आली की खमंग तपकिरी रंग चढतो. स्टेशनाबाहेर आलेला वास तो हाच.

आणि हिची जवळची नातलग? अस्परजिलस फ्लेवस, ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातेत अशा मक्यानं माणसं दगावली होती. कोजीत त्या विषाची जनुकं निकामी झाली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी चांगली बुरशी जपली, पुढच्या हंगामासाठी राखली, जसं शेतकरी बियाणं राखतो.

साइजोत पाण्याबद्दलही बोलायलाच हवं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. साकेत उलटी अडचण: फार मऊ पाण्यात यीस्टला खनिजं कमी पडतात, आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि माल नासतो. आज साइजोसारखंच हिगाशिहिरोशिमा शहरात मोडणाऱ्या आकित्सुचे साके बनवणारे सेन्झाबुरो मिउरा यांची साकेही अशी वारंवार नासली. त्यांनी तापमानाच्या नोंदी ठेवल्या, कोजी दाण्यात खोलवर रुजवली, थंडीत सावकाश आंबवलं आणि 1898 मध्ये ही पद्धत सगळ्यांसाठी छापून टाकली. 1907 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेनं वरचे क्रमांक पटकावले.

उत्सवात ‘बिशु-नाबे’ जरूर खा. मांस आणि भाज्या फक्त मीठ, मिरी आणि साके घालून शिजवतात. सोया सॉस नाही. कारखान्यातल्या कामगारांचं हे जेवण. साके चाखणाऱ्या जिभेवर दुसरी जड चव राहू नये, म्हणून असं साधं. सोबत कारखान्याच्या विहिरीचं पाणी ठेवा आणि साकेच्या घोटामागे त्याचा घोट घेत राहा. जपानी लोक त्याला ‘यावारागी-मिझु’, सौम्य करणारं पाणी, म्हणतात.