कुलूप न उघडता झडती

अफूच्या लागवडीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरात आहे. त्यामुळे लपवलेला माल पकडायचा कसा, हा विषय तिथल्या लष्कर आणि मुरार या भागांतल्या मराठी मंडळींना अगदीच परका नसावा.

क्ष-किरणांत वस्तूचा आकार आणि दाटपणा दिसतो. बॅगेच्या अस्तरात चपटी करून शिवलेली स्फोटकं त्यातून निसटू शकतात. न्यूट्रॉन या अणुकेंद्रकातल्या कणाचं तंत्र वेगळं. विद्युतभार नसल्याने तो लोखंडी पत्राही पार करतो. आत एखाद्या अणुकेंद्रकाने त्याला गिळलं, की ते ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर टाकतं. त्यावरून मूलद्रव्य ओळखायचं.

जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. विमानतळांवर त्याची निकड भासली ती फार उशिरा. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातले ३२९ जण बॉम्बस्फोटात गेले, १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर विमानात झालेल्या स्फोटात २७०. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर न्यूट्रॉनने बॅगा तपासणारं यंत्र बसलं. ते नायट्रोजन शोधायचं. नायट्रोजनचा गॅमा किरण १०.८ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), इतक्या वरच्या ऊर्जेला दुसरं फारसं कुणी नसतं, म्हणून गॅमा किरण टिपायला सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांवरही भागलं. पण नायट्रोजन लोकरीत असतो, चामड्यातही असतो. खोटे इशारे आलेच.

अमली पदार्थांचं कोडं याहून किचकट. कोकेन किंवा हेरॉइन हायड्रोक्लोराइड रूपात असेल तर क्लोरीन सापडतो, पण तो मिठातही आहे, पीव्हीसी पाइपातही. कच्च्या अफूला तर ही खूणही लागू नाही. मग हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांचं प्रमाण ताडून पाहायचं, आणि त्यासाठी शेजारशेजारचे गॅमा किरण वेगवेगळे वाचता यायला हवेत. ते साधलं अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टर) शोधकांनी, मुख्यतः जर्मेनियमच्या. किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या १.३३ एमईव्हीच्या गॅमा किरणाची रेषा त्यात सुमारे २ केईव्ही (एमईव्हीचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही) रुंद दिसते. सोडियम आयोडाइडमध्ये तीसेक पट पसरट. माझ्या मते श्रेय न्यूट्रॉनपेक्षा या स्फटिकाला जास्त.

त्याचे लाड मात्र फार. साध्या उष्णतेनेही त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने ते गार ठेवायचं. वर वेगवान न्यूट्रॉन त्याच्या स्फटिकाची घडी विस्कटतात ते वेगळंच. मग तो तापवून दुरुस्त करायचा! कॅडमियम-झिंक-टेल्युराइड हा दुसरा अर्धवाहक खोलीच्या तापमानाला चालतो, पण त्याचे स्फटिक लहान, जोरकस गॅमा किरण बहुतेक आरपार निघून जातात. अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने जर्मेनियमच्या जोडीला न्यूट्रॉन सोडणारं कॅलिफोर्नियम-२५२ घेऊन रासायनिक तोफगोळे न फोडता ओळखायची पद्धत बसवली. गोळ्यात क्लोरीन आणि गंधक एकत्र दिसले, की मस्टर्ड गॅसचा संशय.