मेंदूंमधील समक्रमण आणि भावना

दोन माणसे बोलत, खेळत किंवा नुसती सोबत असताना त्यांच्या मेंदूंच्या क्रियेतील चढउतार एकाच वेळी किंवा ठरावीक विलंबाने जुळतात. याला समक्रमण म्हणतात. एका मेंदूतून दुसऱ्यात काहीही ‘जात’ नाही. दोघे तेच पाहतात-ऐकतात, एकाच्या चेहऱ्यावरचा बदल दुसऱ्याचे लक्ष वेधतो, श्वास बदलतो. आणि भावनेचा जोर चालतो तो याच वाटांनी.

संशोधक लौरी नुमेनमा आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणारे स्कॅन) अभ्यासात भावनेच्या दोन बाजू वेगळ्या दिसल्या. प्रसंग अप्रिय असेल तर थॅलॅमस, इन्सुला अशा भावनेशी निगडित भागांतले प्रेक्षकांमधले साम्य वाढले. उत्तेजना तीव्र असेल तर दृष्टी आणि लक्ष यांच्या जाळ्यांतले. मात्र प्रेक्षक एकेकटेच चित्रफिती पाहत होते, त्यामुळे हा प्रत्यक्ष संवादाचा पुरावा नव्हे. त्याच्या जास्त जवळ जातो तो संशोधक गोल्डस्टाइन यांचा २०१८ मधील प्रयोग : वेदना होत असलेल्या स्त्रीचा हात जोडीदाराने धरला, तेव्हा मेंदूलहरींच्या अल्फा-म्यू पट्ट्यातील समक्रमण वाढले आणि त्याचा वेदना कमी होण्याशी संबंध आढळला. आई-बाळांच्या २०२०च्या अभ्यासात आईची भावना आनंदी असताना ६ ते ९ हर्ट्झच्या पट्ट्यातले दोघांच्या मेंदूंमधल्या जुळणीचे जाळे अधिक घट्ट विणलेले दिसले.

मोजमापासाठी दोघांना एकाच वेळी ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्या) किंवा एफएनआयआरएस (प्रकाशाने मेंदूतील रक्तप्रवाह मोजणाऱ्या) टोप्या घालतात. ईईजीआधी केस धुऊन कोरडे हवेत. तेल लावले असेल तर संपर्क बिघडतो. एफएनआयआरएसमध्ये प्रकाशस्रोत व शोधक सुमारे ३ सेंमी अंतरावर बसवतात. दाट काळे केस प्रकाश शोषतात, म्हणून ते टोकदार काडीने बाजूला सारावे लागतात. प्रकाश बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरील आवरणाच्या) वरच्या थरापलीकडे पोचत नाही. भीतीशी निगडित, खोल असलेला अमिग्डाला हा भाग त्यात दिसतच नाही. शिवाय रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ५-६ सेकंद मागे असतो, त्यामुळे क्षणिक हास्य आणि त्याची खूण वेळेत जुळवावी लागते.

हसण्याची तर पंचाईतच. नेमक्या त्याच क्षणी जबड्याचे स्नायू ईईजीत, विशेषतः २० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात, गोंधळ माजवतात. दोघे एकदम हसले की खोटे समक्रमण तयार होते. एफएनआयआरएसमध्ये रक्तदाबाच्या ०.१ हर्ट्झच्या लाटा हाच घोळ घालतात. त्यांना वजा करण्यासाठी सुमारे ८ मिमी अंतराची स्रोत-शोधकाची जोडी डोक्याच्या त्वचेवर बसवतात, कारण तिला त्वचेतलेच रक्त दिसते. त्यानंतर माणसांच्या खऱ्या जोडीची तुलना न भेटलेल्या माणसांच्या कृत्रिम जोड्यांशी करतात. समान दृश्यामुळे आलेले साम्य कृत्रिम जोडीतही उरते. खरी जोडी त्याच्या वर गेली नाही, तर ‘तारा जुळल्या’ असे म्हणता येत नाही. गेली, तरी एकत्र हसण्या-हलण्याचा हिशेब वेगळा मांडावाच लागतो.