टिमगाद : चौकटीबाहेर वाढलेलं बिशपचं शहर

अल्जीरियातल्या औरेस डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी टिमगादचे अवशेष आहेत. रोमन काळात याचं नाव थामुगादी. सम्राट ट्राजनने इ.स. 100 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी ते वसवलं. मूळ शहर जवळजवळ चौरस, एकेक बाजू साधारण 355 मीटरची. आत काटकोनात छेदणारे सरळसोट रस्ते, जणू बुद्धिबळाचा पटच! वस्ती वाढली तशी ती या चौकटीबाहेर पसरली, आणि तिथले रस्ते मात्र वाकडेतिकडे झाले.

इथला बिशप, म्हणजे शहरातल्या ख्रिस्ती समाजाचा मुख्य धर्मगुरू, नोव्हेटस 256 साली कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या मोठ्या शहरातल्या धर्मसभेला हजर होता, म्हणजे ख्रिस्ती समाज तोवर चांगला रुजला होता. पुढे 303 पासून सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांच्या हातून झालेले संस्कार खरे मानायचे का, यावरून उत्तर आफ्रिकेतलं चर्च दुभंगलं. ‘नाही’ म्हणणारे ते डोनाटिस्ट, आणि टिमगाद हा त्यांचा बालेकिल्ला.

चौथ्या शतकाच्या शेवटी इथला डोनाटिस्ट बिशप होता ऑप्टेटस. जुन्या चौकटीच्या पश्चिमेला त्याचं भलंमोठं चर्च होतं. तिथला बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराचा, हौद आजही पाहण्यासारखा आहे. षटकोनी, आत उतरायला पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरही रंगीत मोझेइक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली नक्षी. शेजारच्या घराच्या फरशीत खुद्द ऑप्टेटसचं नाव जडवलेलं आहे. त्याच्या ताकदीचा याहून ठसठशीत पुरावा कोणता हवा? पण रोमन सत्तेविरुद्ध उठलेला बंडखोर सेनापती गिल्डो याच्याशी त्याने संधान बांधलं. 398 मध्ये बंड मोडलं आणि ऑप्टेटस कैदेत मेला.

त्याच्यामागून आलेला गॉडेंटियस तर आणखी कट्टर. सुमारे 420 मध्ये सरकारी अधिकारी चर्च ताब्यात घ्यायला निघाले, तेव्हा त्याने भाविकांसह चर्चमध्ये जाळून घेण्याची धमकी दिली. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला.

पाचव्या शतकाच्या अखेरीस औरेसच्या टोळ्यांनी शहर उद्ध्वस्त केलं. 539 मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सैन्याने जुन्याच इमारतींचे दगड वापरून जवळ किल्ला बांधला. नंतर वस्ती उठली आणि सारं मातीखाली गेलं.

1881 पासून फ्रेंचांनी उत्खनन केलं. त्यांना ट्राजनचं शहर बघायची घाई होती, त्यामुळे वरचे उत्तरकालीन थर नीट नोंदी न करताच उपसले गेले. मला याचीच फार हळहळ वाटते, कारण बिशपांच्या काळातली साधी घरं, दुकानं, चुली त्याच थरांत होत्या.