पनामाचा कालवा आणि उजव्यांचं जुनं भांडण

१३ जानेवारी १९७८ रोजी साउथ कॅरोलायना विद्यापीठात एक वादसभा झाली आणि ती टीव्हीवर दाखवली गेली. विषय होता, पनामा कालवा पनामाला परत द्यावा की नाही. बाजू दोन होत्या, पण दोन्हीकडे बसले होते ते उजवेच. ‘देऊ नये’ म्हणणाऱ्यांचे म्होरके होते रोनाल्ड रेगन. दोन वर्षांपूर्वीच रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी जेराल्ड फोर्ड यांच्यापुढे त्यांच्या हातून थोडक्यात निसटली होती. ‘द्यावा’ म्हणणाऱ्यांचे म्होरके विल्यम बक्ली, ‘नॅशनल रिव्ह्यू’ या पाक्षिकाचे संस्थापक आणि रेगन यांचे जुने स्नेही. रेगन यांच्या बाजूला स्तंभलेखक पॅट बुकॅनन, बक्लींच्या बाजूला जॉर्ज विल आणि जेम्स बर्नहॅम, हे दोघेही स्तंभलेखकच. दोघांनी आपापला एकेक निवृत्त अ‍ॅडमिरलही आणला होता.

प्रश्नोत्तरांत रेगन यांनी मिश्कीलपणे विचारलं, एवढं ऐकूनही बक्ली अजून धावत येऊन ‘डोळे उघडले’ असं का सांगत नाहीत? बक्लींचं उत्तर असं, की जवळ आलो तर माझ्याच तेजानं तुमचे डोळे दिपतील अशी भीती वाटते.

अमेरिकेतले उजवे परराष्ट्र धोरणावर काय म्हणतात, असा प्रश्न आपल्याकडे एकवचनी विचारला जातो. जणू तिथं एकच मुख आहे. मग जून २०२५मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावा की नाही यावरून हल्ल्याला विरोध असलेल्या टीव्ही भाष्यकार टकर कार्लसन यांनी हल्ल्याच्या बाजूच्या सेनेटर टेड क्रूझ यांना कॅमेऱ्यासमोर ‘इराणची लोकसंख्या किती?’ असं विचारलं, क्रूझ यांना ते सांगता आलं नाही आणि ‘उजव्यांमध्ये फूट’ असे मथळे झळकले. फूट जुनीच आहे. बाहेर जायचं की घर सांभाळायचं, हे या मंडळींचं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं भांडण. मध्ये चाळीसेक वर्षं ते झाकलं गेलं होतं, इतकंच.

एक शब्दांची अडचण आधी सांगतो. घर सांभाळा म्हणणाऱ्यांना मराठीत ‘अलिप्ततावादी’ म्हणावं तर आपल्यापुढे नेहरू, नासर आणि टिटो उभे राहतात. ती अलिप्तता दोन गटांपासून होती, जगापासून नव्हे. म्हणून इथं ‘घरकोंबडे’ म्हणतो. शब्द जरा टोचरा आहे आणि पुढे दिसेल तसा अपुराही.

तर हे घरकोंबडे एके काळी उजव्यांमधला मुख्य प्रवाह होते. सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’ निघाली आणि तिचे सभासद आठ लाखांपर्यंत गेले. युरोपातलं युद्ध आपलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग तिचे स्टार वक्ते. ११ सप्टेंबर १९४१ला दे मॉइन इथल्या भाषणात त्यांनी अमेरिकेला युद्धात ओढणाऱ्यांमध्ये ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकारबरोबर ज्यूंचंही नाव घेतलं आणि चळवळीला कायमचा डाग लागला. तीन महिन्यांनी पर्ल हार्बर झालं आणि कमिटीनं गाशा गुंडाळला. बक्ली तेव्हा सोळा वर्षांचे. घरचं वातावरण असं, की या पोरानं आपल्या शिडाच्या होडीचं नाव ‘स्वीट आयसोलेशन’ ठेवलं होतं.

युद्धानंतरही प्रवाह आटला नाही. ओहायोचे सेनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांनी १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्ध मत दिलं. परदेशात सैन्य ठेवायचं म्हणजे घरात कर वाढणार, सरकार फुगणार आणि राष्ट्राध्यक्ष डोईजड होणार, हा त्यांचा हिशेब. ज्याला सरकार छोटं हवं, त्याला साम्राज्य परवडत नाही, असं हे साधं गणित होतं. १९५२ मध्ये पक्षानं टॅफ्ट यांना बाजूला सारून जनरल आयझेनहॉवर यांना उमेदवारी दिली. पुढच्याच वर्षी टॅफ्ट वारले.

बक्लींनाही ते गणित ठाऊक होतं. त्याच १९५२ साली एका लेखात त्यांनी लिहून टाकलं, की सोव्हिएत संकट आहे तोवर आपल्याला मोठं सरकार सोसावं लागेल, मग त्याचे कर आणि त्याची नोकरशाहीही आली. सगळ्या गोष्टीची मेख इथं आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ निघालं, तेव्हा इतिहासाच्या वाटेत आडवं उभं राहून ‘थांब!’ म्हणून ओरडण्याची त्यांची प्रतिज्ञा गाजली, आजही ती सारखी उद्धृत होते. पण परराष्ट्र धोरणाच्या पानांवर हे नियतकालिक अजिबात थांबायला सांगत नव्हतं. तिथं बर्नहॅम यांचा स्तंभ असे. हे गृहस्थ मुळात ट्रॉट्स्कीवादी कम्युनिस्ट, तिथून पलटून कडवे कम्युनिस्टविरोधक झालेले. स्तंभाचं नावच ‘तिसरं महायुद्ध’. त्यांच्या लेखी ते महायुद्ध सुरू झालंच होतं, लोकांना अजून कळलं नव्हतं.

‘नॅशनल रिव्ह्यू’भोवती बक्लींनी गुंफलेल्या माळेत तऱ्हेतऱ्हेचे मणी होते. चर्चनिष्ठ परंपरावादी, सरकारच नको म्हणणारे बाजारवादी, पश्चात्तापदग्ध माजी कम्युनिस्ट. दोरा एकच, कम्युनिझमचा विरोध. तो इतका पक्का, की जुलै १९७१ मध्ये निक्सन चीनला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा बक्ली आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांचा पाठिंबा स्थगित केला. आपल्याला १९७१ म्हटलं की सातवं आरमार आठवतं. या मंडळींचा निक्सन यांच्यावरचा राग मात्र बंगालच्या उपसागराबद्दल नव्हता, पेकिंगबद्दल होता.

पनामाची वादसभा या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. १९०३च्या करारानं अमेरिकेनं कालव्याचा पट्टा घेतला, १९१४ मध्ये कालवा सुरू झाला आणि सप्टेंबर १९७७ मध्ये जिमी कार्टर यांनी तो परत करण्याच्या करारावर सही केली. रेगन यांनी १९७६च्या प्रचारातच हा विषय पेटवला होता. आपण तो विकत घेतला, पैसे मोजले, तो आपला आहे, या वाक्यावर सभा उसळत. उमेदवारी हुकल्यावर त्यांनी रेडिओवरची आपली रोजची छोटी भाषणं पुन्हा सुरू केली. त्यांतली कित्येक ते स्वतः हातानं लिहीत आणि परराष्ट्र धोरण हा त्यांतला नेहमीचा विषय. बक्लींचा युक्तिवाद थंड डोक्याचा होता. कालवा चालू राहायचा तर पनामातले लोक शत्रू होऊन चालणार नाहीत, आणि मोठ्या देशाला असं औदार्य शोभतं. लक्षात घ्या, तिसऱ्या महायुद्धाचे स्तंभलेखक बर्नहॅमसुद्धा बक्लींच्या बाकावर होते. जागतिक लढाईचा नकाशा समोर असणाऱ्याला एक कालवा सोडणं जड जात नाही. ज्याचा नकाशा आपल्या अंगणाचा, त्याला एक वीतही सोडवत नाही. सेनेटनं करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केला, गरजेपेक्षा एकच मत जास्त.

रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि मधली काही वर्षं सगळे मणी चमकले. डावीकडून आलेले नवे उजवे, म्हणजे निओकॉन्झर्व्हेटिव्ह, याच सुमारास आत आले. ‘कॉमेंटरी’ मासिकात नोव्हेंबर १९७९ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांचा लेख आला, की मित्र हुकूमशहा आणि कम्युनिस्ट हुकूमशहा एका तराजूत तोलू नका. रेगन यांनी तो वाचला आणि बाईंना संयुक्त राष्ट्रांतलं राजदूतपद दिलं. भाष्यकारानं लेख लिहावा आणि त्यावर पद मिळावं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग १९८९ आलं, बर्लिनची भिंत पडली आणि दोरा तुटला.

पहिले सुटले ते बुकॅनन. १९९०-९१ मध्ये कुवेतसाठी इराकशी लढायला त्यांनी जाहीर विरोध केला आणि १९९२ मध्ये थोरल्या बुश यांच्याविरुद्ध उमेदवारी मागताना ‘अमेरिका फर्स्ट’ ही बदनाम घोषणा पुन्हा बाहेर काढली. न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्षांविरुद्ध त्यांना ३७ टक्के मतं पडली. दुसरीकडे १९९५ मध्ये ‘वीकली स्टँडर्ड’ हे साप्ताहिक निघालं, पैसा रूपर्ट मरडॉक यांचा, संपादक बिल क्रिस्टॉल. हे बाहेर जा म्हणणारे, आणि सद्दामला हटवा हा त्यांचा धोशा.

याच काळात भाष्याचं माध्यमही बदललं. वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही ऐकवावी, हा प्रसारणाचा १९४९ पासूनचा नियम १९८७ मध्ये गेला. पुढच्या वर्षी उजवे रेडिओ भाष्यकार रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही उजवी वृत्तवाहिनी आली. बक्ली कोण ‘आपला’ आणि कोण नाही हे ठरवत असत. १९६२ मध्ये त्यांनी सगळीकडे कम्युनिस्ट कट पाहणाऱ्या जॉन बर्च सोसायटीच्या रॉबर्ट वेल्च यांना असंच दाराबाहेर काढलं होतं. रेडिओवर आणि केबलवर तसं दार नव्हतं आणि द्वारपालही नव्हता.

इराक युद्धानं बाहेर जा म्हणणारे आणि घर सांभाळा म्हणणारे यांचं उरलंसुरलं बोलणं तोडलं. एप्रिल २००३ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’च्या मुखपृष्ठलेखात बुकॅनन आणि मंडळींना थेट देशप्रेमहीन ठरवलं गेलं. गंमत म्हणजे युद्ध फसलं हे पुढे बक्लींनीही कबूल केलं. ‘वीकली स्टँडर्ड’मध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या टकर कार्लसन यांनी २००४ मध्येच, आपण या युद्धाला पाठिंबा दिल्याची लाज वाटते, असं सांगितलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती असं भर वादसभेत म्हटलं, तेही साउथ कॅरोलायनातच. त्याआधी काही आठवडे ‘नॅशनल रिव्ह्यू’नं ट्रम्पविरोधी खास अंक काढला होता. उपयोग शून्य. जॉर्ज विल यांनी त्याच वर्षी पक्ष सोडला, ‘वीकली स्टँडर्ड’ डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडलं.

आपल्या घरांपर्यंत हे भांडण एच-१बी व्हिसाच्या रूपानं पोचलं. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वंशाचे रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी यांनी कुशल परदेशी कामगारांची बाजू घेतली आणि ट्रम्प यांचेच समर्थक त्यांच्यावर तुटून पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हा पुण्याच्या किती घरांत ‘पण हे तर भारताचे मित्र ना?’ असं विचारलं गेलं असेल. मैत्री जगाच्या नकाशाकडे पाहणाऱ्यांशी होती. अंगणवाल्यांना भारत आवडतो की नाही, हा प्रश्नच पडत नाही.

आणि अंगण म्हणजे चार भिंती नव्हेत, म्हणून घरकोंबडे हा शब्द अपुरा. इराणमध्ये जाऊ नका म्हणणाऱ्याला पनामा परदेश वाटतोच असं नाही. कालवा ३१ डिसेंबर १९९९ला पनामाच्या ताब्यात गेला. रेगन आठ वर्षं सत्तेवर होते, पण करार त्यांनी मोडला नाही. बुकॅनन यांनी जानेवारी २०२३ मध्ये आपला स्तंभ थांबवला. दोन वर्षांनी, २० जानेवारी २०२५ला, शपथ घेतल्यावरच्या भाषणात ट्रम्प म्हणाले, कालवा आम्ही चीनला दिला नव्हता, पनामाला दिला होता आणि आता तो परत घेतोय.